काका बाप्टिस्टांची वकिली

पेशवाईत ‘वकील’ हा शब्द न्यायालयापुरता मर्यादित नव्हता. परक्या दरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडणारा तो वकील. जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा यांचे चरित्र वाचताना हा जुना अर्थ आम्हांला वारंवार आठवतो. १८६४ साली माझगावच्या माथारपाखाडीत, ईस्ट इंडियन कॅथलिक कुटुंबात जन्मलेला हा बॅरिस्टर तीन निरनिराळ्या दरबारांत तीन वकिल्या करीत होता.

पहिली वकिली न्यायालयातली. १९१६ साली बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्याच्या व्याख्यानांबद्दल लोकमान्य टिळकांकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका मागण्यात आला. बचावाला जिना उभे राहिले. त्यांच्या साहाय्याला बाप्टिस्टा आणि बेने इस्रायली समाजातले बॅरिस्टर एरुळकर होते. एक मुसलमान, एक ख्रिस्ती, एक यहुदी. आणि अशील पुण्याचा ब्राह्मण. व्याख्याने तुकड्यांनी नव्हे, समग्र वाचली पाहिजेत, हा विचार ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला व आदेश रद्द झाला. साहित्याच्या अभ्यासकांना हा निकाल परका वाटू नये.

दुसरी वकिली परदेशातली. एप्रिल १९१६ मध्ये स्थापन झालेल्या टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्षपद बाप्टिस्टांकडे आले होते. १९१७ साली ते इंग्लंडला गेले आणि तेथील मजूर पक्षाशी त्यांनी संबंध जोडले. स्वराज्याचा प्रश्न त्यांनी कामगार चळवळीपुढे नेला, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

तिसरी वकिली सर्वांत अवघड. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले होते. त्या उद्रेकामागे टिकाऊ संघटना नव्हती. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरात ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा तिच्या उभारणीत बाप्टिस्टा अग्रभागी होते. १९२१ च्या झरिया अधिवेशनाचे अध्यक्ष तेच. मालक व मजूर हे श्रमाचे विक्रेते-खरेदीदार नसून उत्पादनातले भागीदार होत, अशी त्यांची भूमिका होती. १९२५-२६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. हे पद पुढे महापौराचे म्हणून ओळखले गेले.

पण परळ-लालबागच्या गिरण्यांत ही भागीदारी रुजली नाही. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे यांच्यासारखे सुशिक्षित पुढारी तिच्यात होतेच. पण अध्यक्ष होते अर्जुन आत्माराम आळवे, स्वतः गिरणी कामगार. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात आळवे आरोपी झाले.

खटला चालू असतानाच, १९३० साली बाप्टिस्टा वारले. त्यांच्या समन्वयवादाला काळाने मागे टाकले, असे म्हणणे सोपे आहे. आम्हांला ते अपुरे वाटते. दुसऱ्यासाठी बोलणाऱ्याच्या वकिलीची एक मर्यादा असते; अशील स्वतः बोलू लागला की ती संपते. मात्र अशिलाला बोलण्यासाठी दरबार मिळवून देणे हेही काम कोणाला तरी करावे लागते. गिरणगावाच्या इतिहासात बाप्टिस्टांची जागा तेथे आहे.