सर्वांत दुबळे बल आणि कल्याणची खाडी

निसर्गात मूलभूत बले चार: गुरुत्व, विद्युतचुंबकी, तीव्र केंद्रकीय आणि क्षीण केंद्रकीय. ठाणे-कल्याणचा इतिहास आपण राजवटींच्या क्रमाने वाचतो. मी तो या बलांच्या क्रमाने लावून पाहिला.

पहिला अंमल गुरुत्वाचा. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. समुद्रापासून इतक्या आत बंदर नांदले ते उल्हासच्या खाडीत चढणाऱ्या भरतीमुळे, म्हणजे मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. मराठी आरमाराचा आरंभ याच पाण्यात झाला असे मानले जाते. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, येईल तितक्या वाजता मुंबईला पूर्ण भरती. कल्याणला ती मागाहून पोहोचते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, त्याचेच हे गणित.

१८५४ मध्ये रेल्वे कल्याणला आली आणि बंदराचे महत्त्व ओसरले. तिथून फुटणारे दोन्ही मार्ग, १८६३ चा बोरघाट आणि १८६५ चा थळघाट, ३७ फुटांना एक फूट अशा चढाचे. पुढे विजेची इंजिने आली. ठाकुर्लीच्या चोळे वीजगृहातला कोळसा त्यांच्यासाठी जळू लागला. ‘खेकडा’ नावाने ओळखले जाणारे इंजिन घाट उतरताना आपल्या मोटारी जनित्रासारख्या चालवी आणि वीज तारेत परत पाठवी. चढताना गुरुत्वाला दिलेले कर्ज उतरताना काही अंशी वसूल होई.

उरलेली दोन बले ठाणे खाडीच्या काठी, तुर्भ्याला, कामाला लागली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. अणुकेंद्रक बांधून ठेवते ते तीव्र बल. विखंडनानंतरच्या तुकड्यांत न्यूट्रॉनचा प्रोटॉन करते ते क्षीण बल.

या चौघांत गुरुत्व सर्वांत दुबळे. दोन प्रोटॉनांमधले विद्युत अपकर्षण त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एकावर छत्तीस शून्ये इतके पट मोठे. पण धन आणि ऋण प्रभार एकमेकांना खोडतात, केंद्रकीय बले केंद्रकाबाहेर जवळजवळ पोहोचतच नाहीत. वस्तुमान मात्र फक्त साठत जाते. म्हणून अखेरचा शब्द गुरुत्वाचाच.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हासने बदलापूर-कल्याणात घरे बुडवली. त्या दिवशी आषाढ वद्य षष्ठी होती. सहा त्रिक अठरा, भागिले चार: साडेचार. मुंबईची भरती दुपारी चारच्या सुमारास होती, हिशेबाच्या जवळच. वरून नदी उतरत होती आणि खालून समुद्र चढत होता. दोन्हींना ओढणारे बल एकच.

भरतीला पसरायला जागा लागते. ती खाजणांनी आणि तिवरांनी शतकानुशतके दिली. आज त्या जागेवर भराव पडतो तेव्हा नकाशात जमीन वाढते, पाणी मात्र तेवढेच राहते. ठाणे-कल्याणच्या कोणत्याही विकास आराखड्यावर सही होण्यापूर्वी हा तिथीचा हिशेब एकदा मांडून पाहावा, असे मला वाटते. तो करायला पंचांग आणि चारचा पाढा पुरतो.