तळटीप : ‘पारधी टोळी’

१. ‘पारधी टोळी’ : वडगाव मावळच्या एसटी थांब्यावर लेखकाच्या हाती आलेल्या वर्तमानपत्रातला हा मथळा मूळ मजकुरात तसाच ठेवला आहे. पारध म्हणजे शिकार. पारधी हे तिच्यावर जगणाऱ्यांचे नाव. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले आणि पुढे पारध्यांनाही त्याच्या यादीत घातले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, मथळ्यातला मात्र तसाच राहिला. चोरी मराठ्याने, ब्राह्मणाने किंवा माळ्याने केली तर बातमीत ‘तिघे अटकेत’ एवढेच छापून येते. संशयित पारधी असला की आधी जात येते, मग नाव. आरोप सिद्ध व्हायच्या आतच अख्खी वस्ती दोषी ठरते. मग घरफोडी कुठेही होवो, झडती पालावर. गावात खोली भाड्याने मिळत नाही, वर्गात पेन हरवले की माना पारध्याच्या पोराकडे वळतात. सिनेमातला काळ्या रंगाचा, गळ्यात ताईत घातलेला दरोडेखोर या मथळ्याचेच काम करतो. वृत्तपत्राची ताकद उलटही वापरता येते : तुरुंगातल्या जातवार कामवाटपावर पत्रकार सुकन्या शांता यांनी लिहिले, त्या न्यायालयात गेल्या आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. वाचकांनी हा मथळा ‘पारधी’ शब्द गाळून एकदा पुन्हा वाचावा. — संपादक