निवारा आणि आवड

माझे शिक्षण सातवीपर्यंतचेच. तरी वृद्धाश्रमांविषयी जे वाचले व पाहिले, ते या स्मरणिकेत थोडक्यात मांडते.

निराधारांची सोय करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात १८६३ साली डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह निघाले. त्या काळची दृष्टी नावावरूनच कळते. अनाथाला अन्न, वस्त्र, छप्पर दिले की कर्तव्य झाले. आज ती संस्था ‘निवारा’ म्हणून ओळखली जाते. पुढे १९९५ साली महाराष्ट्र शासनाने मातोश्री वृद्धाश्रम योजना काढली. २००७ च्या केंद्राच्या कायद्यात, जिल्ह्यागणिक निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम सुचवला गेला.

खाटांचा हिशोब झाला. पण खाटेवरच्या माणसाच्या आवडीचे काय? १६ डिसेंबर १९९१ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वृद्धांसाठी १८ तत्त्वे मान्य केली. आश्रमात राहणाऱ्याची श्रद्धा, गरजा व खाजगीपणा यांचा मान राखावा, आपल्या सेवेविषयी ठरवण्याचा त्याचा हक्क मानावा, असे त्यांत आहे.

हे तत्त्व दिसते ते लहान गोष्टींत. माझ्या दूरच्या मामी एका आश्रमात होत्या. जेवण वेळेवर, अंथरूण स्वच्छ. परंतु जन्मभर नऊवारी नेसलेल्या मामींना तिथे गाऊन घालावा लागे. एका सेविकेकडे दहा म्हाताऱ्या; तिचाही नाइलाज. “अशा वेशात देवापुढे कशी बसू?” म्हणून मामींनी पूजाच सोडली. पुढे एक नवी सेविका आली. तिने विचारले, “आजी, काय नेसायचंय?” रोजची दहा मिनिटे जास्त गेली, पण मामींची पूजा पुन्हा सुरू झाली.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि आपली नवी वाशी वसू लागली. तेव्हा तरुण वयात इथे आलेली जोडपी आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कित्येकांची मुले परदेशी. त्यामुळे वृद्धाश्रम आता परका राहिला नाही.

म्हणून एक सुचवते. कुणाला आश्रमात ठेवण्याची वेळ आलीच, तर औषधांच्या यादीबरोबर आवडींचीही यादी द्यावी: उठण्याची वेळ, चहा गोड की फिका, नेसणे कोणते, आंघोळ सकाळी की संध्याकाळी. यादी मात्र त्यांनाच विचारून करावी. आणि घरच्या सासूबाईंनाही, “आज भाजी कोणती करू?” असे अधूनमधून विचारावे. त्याला कायदा लागत नाही.