सीमा आणि ओळखपत्र

आमच्या बिलोलीहून बोधनला जातांना मांजरा ओलांडली कीं तेलंगण लागतें. वाटसरूस ओळखपत्र कोणी विचारीत नाहीं. ही सीमा 1 नोव्हेंबर 1956 ची. तत्पूर्वीं दोन्ही तीर हैदराबाद राज्यांतच होते. राज्यें निराळीं झालीं, तरी सोयरीक व बाजार तुटला नाहीं.

युरोपांतहि 1914 पूर्वीं बहुतेक देशांत पारपत्रावांचून हिंडतां येई. रशिया व तुर्कस्तान हे ठळक अपवाद होत. महायुद्धांत हेरांच्या भीतीनें तपासणी सुरू झाली, ती युद्ध संपल्यावरहि उठली नाहीं. उलट 1920 सालीं राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेनें पारपत्रास 32 पानी पुस्तिकेचा नमुना ठरवून दिला.

पुढें 14 जून 1985 रोजीं लक्झेंबर्गमधील शेंगेन गांवीं पांच देशांनीं आपसांतील तपासणी काढण्याचा करार केला. 26 मार्च 1995 पासून तो सात देशांत अमलांत आला. तरीहि परक्या प्रवाशास पारपत्र जवळ बाळगावेंच लागतें. शिवाय संकटकाळीं तपासणी पुन्हा बसविण्याचा अधिकार प्रत्येक देशानें राखून ठेवला आहे.

2020 च्या साथींत अनेक देशांनीं तो वापरला. त्याच वर्षीं टाळेबंदींत आमच्याकडेहि परवान्यावांचून पलीकडे जातां येईना. नदीपलीकडे दिलेल्या लेकीस भेटावयासहि कागद लागला! सीमा मोकळी होते, नाहींशी होत नाहीं, हें आम्हांस तेव्हां उमगलें. यास्तव ओळखपत्र जवळ असूं द्यावें. आणि तें कोणी विचारीत नाहीं, ही परस्परविश्वासाची ठेव आहे, हें विसरूं नये.