थाळनेर : तापीकांठचें एक गांव

शिरपूर तालुक्यांत तापीच्या उत्तर तीरावर थाळनेर वसलें आहे. नदीलगतच्या उंचवट्यावर किल्ल्याचे ढासळलेले अवशेष दिसतात. हें खेडें एके काळीं खानदेशची राजधानी होतें, हें आमच्या कित्येक वाचकांस ठाऊक नसेल. १३७० सालीं फिरोजशहा तुघलकानें हा मुलूख मलिक राजा फारूकीस दिला. १३९९ सालीं तो वारला, त्याची कबर येथेंच आहे. पुढें बऱ्हाणपूर वसलें व वैभव तिकडे गेलें.

आमचें मन मात्र २७ फेब्रुवारी १८१८ या दिवसापाशीं अडतें. मंदसोरच्या तहानें होळकरांनीं हा किल्ला इंग्रजांस दिला होता. सर टॉमस हिस्लॉप यानें तोफा लावल्यावर किल्लेदार तुळशीराम मामा स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाला. मग आंतील दरवाजापाशीं अरब शिबंदीशीं बोलणें चाललें असतां, भाषा न कळल्यानें म्हणा कीं दग्यानें म्हणा, चकमक उडाली व मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅक्ग्रेगर पडले. संतापलेल्या फौजेनें सुमारें ३०० शिपाई कापून काढले. जो आधींच कैदेंत होता, त्या किल्लेदारास फांशी दिलें! हा न्याय आम्हांस तरी पटत नाहीं. विलायतेंतही पुष्कळांस तो पटला नाहीं. १८१९ सालीं पार्लमेंटनें हिस्लॉपचे आभार मानले, परंतु थाळनेरच्या कृत्याचा त्यांत समावेश नाहीं, असें स्पष्ट नमूद केलें.