यादीतून उतरलेली माणसं

माझ्या आजीचे एक चुलतभाऊ होते. गाव आमगावजवळचं. तेव्हा जिल्हा भंडारा, गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. महारोग झाला म्हणून ते तरुणपणीच घर सोडून गेले. "कुठल्यातरी आश्रमात असतो म्हणे," एवढंच आजी सांगायची, आणि विषय बदलायची. परवा वंशावळ लिहायला बसलो तेव्हा वाटलं, सरकारी कागदांवरून अशा माणसाचा पत्ता लागेल का?

मोजणी तशी जुनीच. १८८१ ते १९३१ च्या जनगणनांत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी यांचीही नोंद होई. पण माहिती देणार घरचेच, म्हणजे लपवालपवी आलीच. लपवायला कारणही होतं. १८९८ च्या कायद्याने भीक मागणाऱ्या महारोग्याला पोलीस वॉरंटशिवाय धरू शकत आणि त्याला आश्रमात डांबून ठेवता येई. हा कायदा रद्द झाला कधी? २०१६ मध्ये!

मायेने उभी राहिलेली घरंही विदर्भातच आहेत. मनोहर दिवाणांचं दत्तपूर, दाजीसाहेब पटवर्धनांचं अमरावतीचं तपोवन, बाबा आमट्यांचं वरोऱ्याचं आनंदवन. आजोबा यांपैकी कुठे होते का, कोण जाणे.

आता आरोग्य खात्याची नोंदवही घ्या. कुष्ठरोगाची गोळ्यांची पाकिटं सहा किंवा बारा महिने घ्यायची. उपचार पूर्ण झाले की माणूस चालू रुग्णांच्या आकड्यातून कमी होतो. डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले, ते याच हिशेबाने. आनंदाचीच गोष्ट. पण वही मोजते रोगाला. बोटं झडलेला, घर तुटलेला, बरा होऊनही चाळीस वर्षं आश्रमातच राहिलेला माणूस त्या आकड्यात नसतोच.

२०११ च्या जनगणनेत तो सापडेल, पण 'संस्थात्मक कुटुंबा'त. एका स्वयंपाकघरात जेवणारी, नात्याची नसलेली माणसं, मग ते वसतिगृह असो, तुरुंग असो की आश्रम. तिथे तो रोगामुळे आला का, हे तो कागद विचारत नाही. म्हणजे एका कागदाला रोग माहीत, दुसऱ्याला राहण्याची जागा.

दोन्ही जोडले तर? म्हाताऱ्या, बधिर पायांना चपला हव्यात, जखमांना मलमपट्टी हवी. ती पोचवायला माणूस आधी सापडायला हवा. पण १८९८ मध्ये सापडणं म्हणजेच पकडलं जाणं होतं, हेही विसरून चालत नाही. म्हणून जोडण्याआधी त्या माणसाला विचारावं, एवढं तरी व्हायला हवं.

असो. वंशावळीत आजोबांचं नाव लिहिलं. पुढे 'कुष्ठरोगी' लिहिणार होतो, पेन थांबलं. त्यांना विचारता येणार नव्हतं. नुसतं 'आजीचे भाऊ' असं लिहिलं.