‘त्यात काय एवढं!’

आमच्या गल्लीत तांबटांची ठोकठोक पहाटेपासून चाले. एखाद्याने नवी युक्ती काढली की शेजारचा हमखास म्हणे, “त्यात काय एवढं! मलाही सुचलं असतं.” कोलंबसाच्या अंड्याचीच गोष्ट. न्यायालयेही या वाक्यापाशी दीडशे वर्षांहून अधिक काळ अडखळत आली आहेत, हे मला फार उशिरा कळले.

१८५१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दाराच्या मुठीचा खटला आला. लाकूड-धातूऐवजी मूठ मातीची केली, एवढीच नवलाई. हे कुशल कारागिराचे काम, संशोधकाचे नव्हे, असा निकाल लागला. आपल्या सर्वोच्च न्यायालयात १९७८ साली मिर्झापूरच्या भांडेवाल्यांचा वाद गेला. भांडे लेथवर पक्के धरण्याची युक्ती ही जुन्या यंत्रातली किरकोळ सुधारणा ठरली आणि पेटंट गेले.

मूठ, भांडे आपल्याला कळते. पण हृदय? १९९८ साली बोस्टनच्या डॉ. जेफ्री इस्नर यांच्या गटाने पाच रुग्णांच्या हृदयस्नायूत जनुक टोचल्याचे प्रसिद्ध केले. नव्या रक्तवाहिन्या फुटवणाऱ्या प्रथिनाचे ते जनुक. प्रथिन आधीच ठाऊक होते, प्राण्यांवर प्रयोगही झाले होते. मग उरले काय, असे कोणीही म्हणेल.

१९८८ साली अमेरिकेतील पेटंटच्या अपील न्यायालयाने येथे एक भेद सांगितला होता. करून पाहावेसे वाटणे निराळे, यशाची रास्त अपेक्षा असणे निराळे. खात्री लागत नाही, पण नुसती आशाही पुरत नाही.

ही आशा किती फसवी असते पाहा. थकलेल्या हृदयाला बळ देणाऱ्या दुसऱ्या एका जनुकाने ३९ रुग्णांच्या चाचणीत उमेद दाखवली होती. २०१५ साली २५० रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. लाभ दिसला नाही.

तरीही संशोधकाला दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही. ‘यश बेभरवशाचे होते’ असे सांगून त्याने पेटंट मागितले, तर ते कसे साधले हेही त्याने इतरांना करता येईल इतके उलगडून लिहिले पाहिजे. नाहीतर वीस वर्षांचा हक्क एका नुसत्या कल्पनेला मिळेल आणि त्याची किंमत रुग्ण मोजेल.

माझे वडील हृदयविकारानेच गेले. म्हणून वाटते, निवाडा करणाऱ्याने आजचे शहाणपण बाजूला ठेवून त्या दिवशीच्या अंधारात उभे राहावे. ‘त्यात काय एवढं’ हे वाक्य नेहमी दिवा लागल्यावरच सुचते.